पडदा फाटल्यावर: ख्रिस्ती परंपरेतला मध्यस्थाचा प्रश्न

आजचा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. देवापर्यंत पोचायचं तर मध्ये कुणी लागतं का? आपल्याकडे हा प्रश्न कीर्तनातही येतो, चावडीवरही येतो, आणि दोन्हीकडे त्याचं उत्तर चटकन दिलं जातं. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मात्र याच प्रश्नावरून माणसं जिवंत जाळली गेली आहेत. तेव्हा तो इतका साधा नसणार, एवढं तरी आपण धरून चालू.

सुरुवात जेरुसलेमच्या मंदिरापासून करावी लागेल. त्या मंदिराच्या अगदी आतल्या भागाला परमपवित्रस्थान म्हणत. त्याच्यापुढे एक जाड पडदा होता. पडद्याच्या पलीकडे जायचा अधिकार फक्त प्रमुख याजकाला, आणि त्यालाही वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी. बाकी सगळं इस्राएल बाहेर. येशूनं क्रुसावर प्राण सोडला त्या क्षणी हा पडदा फाटला असं शुभवर्तमानं सांगतात. मार्क आणि मत्तय तर तो वरपासून खालपर्यंत फाटला असं मुद्दाम नोंदवतात. वरून, म्हणजे माणसाच्या हातानं नव्हे, असा अर्थ भाष्यकारांनी लावला. पुढे इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात या पडद्याचं रूपक आणखी खोल नेलं आहे. तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच, आणि त्यातून आता प्रत्येक श्रद्धावंतानं धीटपणे आत जावं, असा त्या लेखकाचा आशय आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा तंटा तिच्यावर उभा आहे. 'मध्यस्थ नकोच' असं नव्या करारानं कुठेही म्हटलेलं नाही. त्यानं म्हटलं आहे की मध्यस्थ एकच आहे, आणि तो ख्रिस्त. मग तो मध्यस्थ स्वतः देवच असेल तर त्याच्याकडे जाणं हे 'थेट' जाणं झालं की मध्यस्थामार्फत जाणं झालं? दोन्ही म्हणता येतं. आणि एकच मध्यस्थ असेल, तर वेदीपाशी उभा असलेला धर्मगुरू कोण?

चर्चनं याला जे उत्तर दिलं ते टाकाऊ नाही. आपण पुरोगामी मंडळी ते ऐकायच्या आधीच टाकून देतो म्हणून मुद्दाम सांगतो. चर्च म्हणालं, धर्मगुरू हा दुसरा मध्यस्थ नव्हे. त्या एकाच मध्यस्थाचं तो उपकरण आहे. देवानं देह धारण केला, याचाच अर्थ तो वस्तूंमधून येतो. पाण्यातून येतो, तेलातून येतो, भाकरीतून, द्राक्षारसातून येतो, माणसाच्या तोंडच्या शब्दांतून येतो. ज्याला हे सगळं वगळून देव हवा आहे, त्याला खरं तर देहधारी देव नकोच आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. अडचण अशी की वजनदार युक्तिवादाच्या मागोमाग नियम येतात, आणि नियमांच्या मागोमाग पहारेकरी.

१२१५ साली रोममध्ये चौथी लॅटरन परिषद भरली. पोप तिसरे इनोसंट यांनी बोलावलेली. तिच्या एकविसाव्या नियमानं ठरवलं की जाणत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषानं वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी पापं कबूल केली पाहिजेत आणि ईस्टरला ख्रिस्तशरीर घेतलं पाहिजे. न घेतल्यास जिवंतपणी चर्चमध्ये प्रवेश बंद, मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. म्हणजे बघा, पडदा फाटला होता खरा, पण आता त्या जागी दार बसलं, आणि दाराला किल्ली आली. त्याबरोबरच हेही खरं की याच नियमामुळे लाखो साध्या माणसांना निदान वर्षातून एकदा कुणीतरी बसून ऐकून घेऊ लागलं.

आता आपण फ्रान्सच्या उत्तरेला आणि आजच्या बेल्जियमकडे जाऊ. तेराव्या शतकात तिथल्या शहरांमध्ये बेगिन नावाच्या स्त्रिया दिसतात. त्या ना संसारी, ना मठातल्या. कायमचं व्रत घेतलेलं नाही, डोक्यावर नवरा नाही आणि मठाधिकारीही नाही. विणकाम करायचं, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, प्रार्थना करायची. वाटलं तर हे जीवन सोडून लग्न करायलाही मोकळ्या. अशा बाईचं करायचं काय, हे त्या काळच्या कुठल्याच व्यवस्थेला कळेना. मार्गारेट पोरेत ही त्यांच्यापैकी एक, निदान तिच्या खटल्याच्या कागदांत तिला बेगिन म्हटलं आहे.

मार्गारेटनं एक पुस्तक लिहिलं, 'साध्या आत्म्यांचा आरसा'. लॅटिनमध्ये नाही, जुन्या फ्रेंचमध्ये, म्हणजे लोकभाषेत. पुस्तक संवादरूप आहे. बोलणारी पात्रं मुख्यतः तीन: प्रेम, बुद्धी आणि आत्मा. बुद्धी सारखी प्रश्न विचारते, गोंधळते, दचकते, आणि पुस्तकात एका टप्प्यावर चक्क मरून जाते. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. आत्म्याच्या सात अवस्था ती सांगते. वरच्या अवस्थेत आत्मा इतका रिता होतो की त्याची स्वतःची इच्छाच उरत नाही. देवाची इच्छा तीच त्याची इच्छा. अशा आत्म्याला स्वर्गाची ओढ नाही, नरकाची भीती नाही. तो उपास-तापास, मिस्सा, प्रवचनं यांच्या मागे धावत नाही, त्यांना तुच्छही लेखत नाही. तो सद्‌गुणांचा निरोप घेतो, कारण इतके दिवस तो त्यांचा चाकर होता, आता ते त्याच्या घरचे झाले आहेत. आणि ती चर्चचेही दोन भाग करते. एक धाकटं चर्च, ज्याच्यावर बुद्धीचं राज्य आहे. एक थोरलं चर्च, ज्याच्यावर प्रेमाचं. पोप, बिशप, विद्यापीठातले पंडित हे सगळे कुठल्या चर्चमध्ये येतात, हे तिनं स्पष्ट करून सांगायची गरजच नव्हती.

काँब्रेच्या बिशपनं हे पुस्तक व्हालांसिएन गावात तिच्या डोळ्यांदेखत जाळायला लावलं आणि पुन्हा त्याचा प्रसार केलास तर खबरदार, अशी ताकीद दिली. तिनं काय केलं? पुस्तक तीन विद्वान धर्मपंडितांना दाखवलं. त्यांतला गॉडफ्रे ऑफ फाँतेन हा पॅरिसचा नामांकित धर्मशास्त्रज्ञ. तिघांनाही पुस्तकात दोष दिसला नाही, मात्र गॉडफ्रेनं बजावलं की हे फार लोकांना दाखवू नये. मला हा सल्ला फार बोलका वाटतो. विचार चुकीचा आहे असं तो म्हणत नाही. तो गर्दीत नेऊ नका म्हणतो. मार्गारेटनं पुस्तक फिरवणं थांबवलं नाही.

१३०८ साली ती पॅरिसमध्ये कैदेत पडली. इन्क्विझिटर होता विल्यम ऑफ पॅरिस, डोमिनिकन साधू आणि राजा चौथा फिलिप याचा पापनिवेदन ऐकणारा गुरू. राजानं टेंपलर सरदारांचा जो खटला चालवला होता त्यातही हाच विल्यम होता. आपल्याच धर्माचं कडवेपण सिद्ध करायची राजाला त्या काळात राजकीय गरज होती, हे ध्यानात ठेवा. जवळजवळ दीड वर्ष मार्गारेट तुरुंगात होती आणि तिनं चौकशीपुढे शपथ घ्यायला नकार दिला. एकही उत्तर दिलं नाही. तिची बाजू घेणारा गियार नावाचा एक माणूसही पकडला गेला होता. तोही बराच काळ गप्प राहिला, पण शेवटी बोलला. त्याला जन्मठेप मिळाली. ती बोलली नाही.

एकवीस धर्मशास्त्रज्ञांपुढे पुस्तकातून काढलेली वाक्यं ठेवण्यात आली. अख्खं पुस्तक नव्हे हं, सुटी वाक्यं. त्यांतलं एक असं होतं की असा आत्मा आपल्या देहस्वभावाला जे हवं ते बिनदिक्कत देऊ शकतो. ऐकताच कुणाचेही कान टवकारतील. पण मूळ पुस्तकात त्याला लागूनच मार्गारेट म्हणते की अशा आत्म्याचा देहस्वभाव इतका शांत झालेला असतो की निषिद्ध असं काही तो मागतच नाही. हा अर्धा भाग चिमट्यानं उचललेल्या वाक्यात आला नाही. पंडितांनी ती वाक्यं पाखंडी ठरवली. १२ मे १३१० रोजी पॅरिसजवळ चोपन्न टेंपलरांना जाळण्यात आलं होतं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ जून १३१० रोजी, ग्रेव्हच्या चौकात मार्गारेट पोरेतला जिवंत जाळलं. तिच्यावर मुळीच प्रेम नसलेला एक इतिवृत्तकार लिहून ठेवतो की तिचं धैर्य पाहून जमलेल्या अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाळायची ती बाई जळाली, पुस्तक मात्र उरलं. लेखकाच्या नावावाचून ते मठामठांतून फिरत राहिलं, लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, मध्ययुगीन इंग्रजीत उतरलं. १९२७ साली इंग्लंडमध्ये बेनेडिक्टाइन साधूंच्या देखरेखीखालच्या एका मालिकेत ते छापून आलं; कुणा अज्ञात भक्ताचा ग्रंथ म्हणून कॅथलिक वाचकांनी ते भक्तिभावानं वाचलं. १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी या इटालियन संशोधिकेनं दाखवून दिलं की हे पुस्तक त्या जाळलेल्या बेगिनचंच. म्हणजे नाव काढून टाकलं की पुस्तक धर्मग्रंथाच्या पंक्तीला, नाव लावलं की चितेवर. सहाशे वर्षं.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. चर्च का घाबरलं? सत्ता जाईल म्हणून, हे उत्तर खरं आहे पण पुरेसं नाही. 'मी देवाच्या इच्छेशी एकरूप झालो आहे' असं मार्गारेट म्हणते, आणि उद्या शेजारचा एखादा माथेफिरूही हेच म्हणेल. दोघांत फरक कशानं करायचा? त्यांच्या आत तर आपल्याला शिरता येत नाही. आपल्याकडे न्यायदर्शनात 'प्रत्यक्ष' हे पहिलं प्रमाण मानलं जातं. पण गंमत बघा, प्रत्यक्षालाही इंद्रिय लागतंच. डोळ्याशिवाय पाहणं नाही. आणि डोळा चुकतोही, दोरीला साप म्हणतो. मग देवाच्या प्रत्यक्षाला इंद्रिय कोणतं? आणि त्यात भ्रम झाला तर तो दुरुस्त कसा करायचा? मार्गारेटकडे याचं उत्तर आहे, पण ते बुद्धीला पटणारं नाही, कारण बुद्धीला तिनं आधीच मारून ठेवलं आहे. उत्तर असं: ज्याच्यात 'मी' उरलेला नाही, त्याच्यात भ्रम होणार तरी कुणाला? हे उत्तर सुंदर आहे, आणि न्यायालयात ते अजिबात चालण्यासारखं नाही. त्या पॅरिसच्या पंडितांची अडचण मला समजते. चितेचं समर्थन त्यातून होत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगतो. तपासता येत नाही म्हणून जाळून टाका, हा तर्क नव्हे.

मार्गारेटच्या मृत्यूनंतर वर्षभरात एक जर्मन डोमिनिकन पंडित पॅरिसमध्ये शिकवायला आला आणि ज्या मठात विल्यम राहायचा त्याच मठात उतरला. त्याचं नाव माइस्टर एकहार्ट. त्यानं 'आरसा' वाचला होता का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला विचाराल तर त्याची दारिद्र्यावरची प्रवचनं वाचल्यावर न वाचल्याची शक्यता कमीच वाटते. खरा दरिद्री तो, ज्याला काही हवं नाही, ज्याला काही ठाऊक नाही, ज्याच्यापाशी काही नाही. इतकंच नव्हे, देवानं येऊन काम करावं म्हणून आपल्यात राखून ठेवलेली जागाही ज्याच्यात नाही, असं तो सांगतो. आणि हे सगळं तो जर्मनमध्ये, जोगिणींना आणि शहरातल्या साध्या लोकांना सांगत होता. कोलोनच्या आर्चबिशपनं त्याच्यावर खटला भरला. एकहार्टनं पोपकडे दाद मागितली आणि बचावात एक नेमका भेद केला: माझी चूक होऊ शकते, कारण चूक बुद्धीची असते, पण मी पाखंडी असू शकत नाही, कारण पाखंड इच्छेचं असतं. निकाल लागण्याआधीच तो वारला. मार्च १३२९ मध्ये पोपनं त्याच्या अठ्ठावीस विधानांवर ठपका ठेवला, त्यांतली सतरा पाखंडी म्हणून. साध्या भाबड्या लोकांपुढे तो हे बोलला, ही तक्रार त्या आदेशातही आहेच. पुन्हा गॉडफ्रेचीच चिंता.

एकहार्टचा धागा मात्र तुटला नाही. त्याच वळणाचं एक निनावी जर्मन पुस्तक दोनशे वर्षांनी एका तरुण साधूच्या हाती पडलं. त्यानं ते १५१६ मध्ये अर्धं आणि १५१८ मध्ये पूर्ण छापलं, आणि बायबल व ऑगस्टीन यांच्याखालोखाल आपण याच पुस्तकाकडून शिकलो असं प्रस्तावनेत लिहिलं. तो साधू मार्टिन लूथर.

लूथरची गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती अशी की त्यानं पोपला बाजूला सारलं आणि माणसाला देवासमोर उभं केलं. ती खरी आहे. १५२० मध्ये त्यानं लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. चांभार, लोहार, शेतकरी यांची कामं वेगळी, पण देवासमोरचा दर्जा एकच. १५२२ च्या सप्टेंबरात त्याचा जर्मन नवा करार बाहेर पडला. पण गोष्टीचा दुसरा भाग आपण सांगत नाही. लोकांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं. थॉमस म्युन्त्सरसारखे प्रचारक म्हणू लागले की पवित्र आत्मा आमच्याशी आतून बोलतो, मग छापील अक्षरांची तरी काय जरूर? लूथर संतापला. अशांना तो एक कुत्सित शब्द वापरायचा, आपण 'अंगात आलेले' म्हणू. त्यातल्या एकानं तर पवित्र आत्म्याचं कबुतर पिसांसकट गिळलेलं दिसतं, अशी त्याची थट्टा प्रसिद्ध आहे. देव बाहेरच्या शब्दातूनच येतो, म्हणजे वाचलेल्या आणि ऐकलेल्या वचनातून, यावर तो अडून बसला. १५२५ च्या शेतकरी युद्धात म्युन्त्सरचा शिरच्छेद झाला, आणि लूथरची लेखणी सरदारांच्या बाजूला होती. १५२७ मध्ये झुरिचमध्ये, म्हणजे सुधारलेल्या प्रोटेस्टंट शहरात, फेलिक्स मांत्स याला पुनर्बाप्तिस्म्याच्या मतासाठी नदीत बुडवून मारलं. पोपच्या जागी पुस्तक आलं, आणि पुस्तकाच्या दारावरही पहारेकरी उभे राहिले.

सतराव्या शतकाचा फक्त एक प्रसंग सांगतो, कारण तो राहवत नाही. मादाम ग्युयाँ या विधवेनं सहज, निःशब्द प्रार्थनेची एक छोटी पोथी लिहिली. तिला बास्तीयच्या तुरुंगात १६९८ पासून पाच वर्षं काढावी लागली. तिच्या बाजूनं उभा राहिला फेनेलाँ, चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक. स्वर्गाच्या आशेशिवायचं, निव्वळ प्रेम शक्य आहे, हे त्याचं म्हणणं. १६९९ मध्ये पोपनं त्याच्या पुस्तकातली तेवीस विधानं धिक्कारली. फेनेलाँ तेव्हा आर्चबिशप होता, आणि कुठला म्हणाल तर काँब्रेचा. चारशे वर्षांपूर्वी ज्या पीठावरून मार्गारेटचं पुस्तक जाळायचा हुकूम सुटला, त्याच पीठावर बसलेल्या माणसावर ही पाळी आली. आपल्याच पुस्तकाचा धिक्कार त्यानं आपल्याच लोकांना जाहीर केला आणि तो मान्य केला. मार्गारेटनं मान्य केला नव्हता. दोघांत थोर कोण, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. एकीनं आपल्या अनुभवाशी इमान राखलं. दुसऱ्यानं, आपली इच्छा विरून जावी हे आपलंच तत्त्व, स्वतःच्या अपमानात वापरून पाहिलं.

आता शेवटी आपल्या भाषेत येतो. नारायण वामन टिळक, ज्यांना आपण रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो. नागपूर ते राजनांदगाव प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. कुणाचं प्रवचन नाही, वेदी नाही. एकटा माणूस आणि पुस्तक. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी काय मोजावं लागलं, आणि त्यांच्याहून जास्त लक्ष्मीबाईंना काय मोजावं लागलं, ते 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळतं. ते मी इथे घाईनं सांगणार नाही. तुकारामांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. मिशनमध्ये त्यांनी वीसएक वर्षं काढली, शिकवलं, 'ज्ञानोदय'चं काम केलं, आजही मराठी चर्चमध्ये गायली जाणारी गीतं लिहिली.

आणि मग १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीनं राहायला लागले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. अट एकच, ख्रिस्ताचं शिष्यत्व. हे किती मोठं धाडस होतं ते १२१५ चा तो नियम आठवला की कळतं. बाप्तिस्मा हे तर चर्चचं पहिलं दार, आणि टिळकांनी तेच दार उघडं टाकलं. स्वतः मात्र त्याच दारातून, मोठी किंमत देऊन, आत आलेले. त्यांनी मिशनशी वैर धरलं नाही आणि चर्चला शिव्याही दिल्या नाहीत. त्यांना विलायती मध्यस्थ नको होता. गुरू, भजन, बंधुत्व हे सगळं हवंच होतं. म्हणजे 'थेट' या शब्दाचा त्यांचा अर्थ पोरेतपेक्षा निराळा. तिला मधलं काहीच नको होतं, स्वतःचं 'मी'पणसुद्धा. यांना मधलं हवं होतं, पण ते आपल्या मातीतलं. दोघांना एका ओळीत बसवून 'सगळे संत सारखेच' म्हणायचं, हा आपला लाडका उद्योग मी करणार नाही.

दरबार सुरू झाल्यावर दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. त्या बाईंचं देवाशी काय नातं होतं, आणि ते नवऱ्याच्या मागून आलं की स्वतःच्या विचारातून, हा पुढच्या व्याख्यानाचा विषय आहे. तोपर्यंत ज्यांना जमेल त्यांनी 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा चाळून ठेवावं. आता प्रश्न घेऊ.